दोन वेगळ्या शाळांतील मोठ्या आणि लहान विद्यार्थ्यांचा एकत्रित प्रकल्प कसा आखावा?

आपल्या शाळेतील नववीचे विद्यार्थी आणि दुसऱ्या शाळेतील पाचवीचे विद्यार्थी यांच्याकडून एकत्रित प्रकल्प करून घ्यायचा आहे, परंतु मोठी मुले लहानांचेही काम उरकून टाकतात, त्यावर उपाय काय, असे आपण विचारले आहे. मुंबईत परळच्या एका शाळेत मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि भांडुपच्या एका शाळेतील पाचवीच्या वर्गाबरोबर असे दोन प्रकल्प केले. त्यांपैकी पहिला सपशेल फसला आणि दुसरा बऱ्यापैकी जमला, म्हणून दोन्हींविषयी लिहिते.

पहिल्या वर्षी विषय होता पाणीबचत. नववीच्या मुलांनी माहिती जमवली, ती सुबक अक्षरात तक्त्यांवर उतरवली, आणि पाचवीच्या मुलांच्या वाट्याला कात्री धरणे, डिंक लावणे व प्रदर्शनाच्या दिवशी तक्त्याशेजारी उभे राहून पाठ केलेली चार वाक्ये म्हणणे एवढेच आले. दोष मुलांचा नव्हता. ज्यात नववीच्या मुलाला पाचवीच्या मुलाची गरजच पडत नाही असे काम आम्हीच दिले होते, तेव्हा ते त्याने एकट्याने संपवले यात नवल नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे की, विषय ठरवण्यापूर्वी लहान मुलांकडे असे काय आहे जे त्यांच्यावाचून मोठ्यांना मिळूच शकणार नाही, हे शोधावे. शाळा दोन असण्याचा खरा उपयोग इथेच होतो, कारण दुसऱ्या शाळेतील लहान मूल अशा जागी असते जिथे मोठ्यांना रोज जाता येत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही पाऊस निवडला. परळ आणि भांडुप मध्य रेल्वेवरच, पण वीसेक किलोमीटर अंतरावर. दोन्हीकडे दोन लिटरच्या बाटल्यांचे पर्जन्यमापक केले: वरचा भाग कापून उलटा बसवला की चाडी होते, तळाचा खोलगटपणा खडे घालून आणि शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून सारखा करता येतो, आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. (तळ सपाट न केल्यास पहिल्या काही मिलिमीटरांची नोंद चुकते, हे मुलांना आधी सांगू नये, त्यांचे त्यांना सापडू द्यावे.) पाचवीच्या मुलांनी रोज भांडुपचा आकडा नोंदवायचा आणि नववीच्या मुलांनी दोन्ही ठिकाणच्या आकड्यांवरून आलेख, सरासरी व फरक काढायचा, अशी वाटणी होती. भांडुपची वही आली नाही तर परळचा आलेख अडून राही.

जुलैमध्ये एका दिवशी आमच्याकडे ६१ मिलिमीटर पाऊस झाला आणि भांडुपच्या वहीत त्याच तारखेला ४ असा आकडा होता. आमच्या एका विद्यार्थ्याने लहान मुलांकडून शून्य राहून गेले असेल असे गृहीत धरून त्याचे ४० केले. पुढच्या आठवड्यात वही परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिले होते, ‘दादा, आमच्याकडे फारसा पाऊस पडलाच नव्हता. आमचा आकडा खोडू नका.’ त्या तासाला मी ठरवलेला पाठ बाजूला ठेवला आणि वर्गाला २६ जुलै २००५ ची नोंद सांगितली: सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरच्याही आत. एका शहरात असे होऊ शकते हे ऐकल्यावर त्या मुलाने आपणहून क्षमापत्र लिहिले. पुढे वहीत खाडाखोड झाली नाही, उलट शंका असेल तिथे प्रश्न लिहिले जाऊ लागले. मोठ्यांनी सगळे उरकून टाकण्याची आपली जी तक्रार आहे, ती आमच्याकडे त्या दिवसानंतर फारशी उरली नाही.

आणखी एक अडचण आमच्या ध्यानात उशिरा आली. आमची शाळा सकाळच्या अधिवेशनाची, त्यांची दुपारच्या. त्यामुळे आम्ही साडेआठला आकडा घेत होतो आणि ते साडेबाराला. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जोराची सर आली की ती त्यांच्याकडे आजच्या तारखेत आणि आमच्याकडे उद्याच्या तारखेत जाई. आलेखातील ही विसंगती नववीच्या मुलींनी शोधून काढली. भारतीय हवामान विभागही दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच मोजतो, हे कळल्यावर भांडुपच्या शाळेशेजारी राहणारी दोन मुले साडेआठला येऊन नोंद घेऊ लागली आणि शिपाईमामा त्यांना फाटक उघडून देऊ लागले.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे नववीच्या मुलांनी पत्रातून समजावले आणि आपल्या तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर त्या ६१ मिलिमीटरच्या दिवशी १८,३०० लिटर पाणी पडले असा हिशेब पाठवला. भांडुपच्या एका मुलाने त्यावर आपल्या घराच्या बारा चौरस मीटर पत्र्यावर त्याच दिवशी ४८ लिटर, म्हणजे ‘आमच्या तीन बादल्या’, असे उत्तर पाठवले. घनफळ मी इतकी वर्षे फळ्यावर शिकवले, पण ते इतके नेमके पोहोचल्याचे मला आठवत नाही.

मोठ्यांनी लहानांना शिकवणे आपल्याकडे नवे नाही. पंतोजींच्या शाळेत पुढे गेलेली मुलेच धूळपाटीवर लहानांकडून अक्षरे गिरवून घेत, आणि अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने मद्रासला अशाच शाळा पाहून १७९७ मध्ये लंडनमध्ये त्या पद्धतीवर अहवाल छापला. पण त्या पद्धतीत ज्ञान एकाच दिशेने जाते. शिक्षक कमी आणि मुले फार असतील तिथे ती उपयोगी आहे, प्रकल्पासाठी मला ती अपुरी वाटते. मुख्याध्यापकांना पटवायचे असल्यास मात्र राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चा आधार घ्यावा, कारण विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवणे आणि सरकारी व खासगी शाळांच्या जोड्या लावणे या दोन्हींचा उल्लेख त्यात आहे.

व्यवस्थेविषयी थोडे. जोड्या एकास एक न लावता दोनास दोन लावाव्यात, कारण पावसाळ्यात गैरहजेरी ठरलेली असते. मुलांचे फोन क्रमांक एकमेकांना देऊ नयेत. सगळा संवाद वहीतून व्हावा आणि वही दोन्ही शिक्षकांनी वाचावी. आमच्या एक सहकारी मुलुंडहून येत, त्या दर शनिवारी भांडुपला उतरून वह्यांची अदलाबदल करीत. प्रत्यक्ष भेटी दोनच ठेवल्या. पहिली आम्ही मुद्दाम भांडुपला घेतली आणि पर्जन्यमापक कुठे ठेवला, तिथेच का ठेवला, हे पाचवीच्या मुलांनी नववीला दाखवले. दहावीचा वर्ग घेऊ नये, पालक तयार होत नाहीत. मूल्यमापन वेगळे करावे: पाचवीला नोंदींचा नेमकेपणा आणि नववीला विश्लेषण, म्हणजे एकाच्या गुणांसाठी दुसऱ्याच्या वहीत हात घालावासा वाटणार नाही. पालकांची संमतिपत्रे जूनमध्ये शाळा उघडताच घ्यावीत, नोंदी जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू कराव्यात आणि गणपतीच्या सुट्टीपूर्वी थांबवाव्यात, कारण त्यानंतर प्रथम सत्राच्या परीक्षेची तयारी सुरू होते आणि बाटलीकडे कोणी फिरकत नाही.