वाचकांचे प्रश्न : शोधनिबंधावर नाव कोणाचे?

प्रश्न : इंग्वायनल (जांघेतील) हर्नियाच्या शस्त्रक्रियांवरील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी परदेशातील एका विद्यापीठाने आमच्या रुग्णालयाकडे रुग्णांची माहिती मागितली आहे. निबंधात आमची नावे लेखक म्हणून नव्हे, तर 'सहयोगी' म्हणून येतील, असे त्यांनी कळवले आहे. हे योग्य आहे का? आणि अशा निबंधांना जोडलेल्या हजारो नावांची खरोखर गरज असते, की तो देखावा असतो?
– एक शल्यचिकित्सक

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. कोविडसर्ज या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाचा 2021 साली 'ॲनास्थेशिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. कोविड होऊन गेलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया किती दिवसांनी करावी, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्यासाठी 116 देशांतील 1,674 रुग्णालयांमधून 1,40,231 रुग्णांची माहिती जमवावी लागली आणि एवढ्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी कोविड झालेले निघाले फक्त 3,127. त्यांचेही संसर्गानंतरच्या आठवड्यांनुसार गट पाडायचे होते. एखाद्या रुग्णालयाने, किंबहुना एखाद्या देशानेही, एकट्याने हा प्रश्न हाती घेतला असता, तर शक्य असेल तेथे किमान सात आठवडे थांबावे हा निष्कर्ष वेळेवर हाती आला नसता. याच गटाच्या त्याच वर्षी 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त आलेल्या दुसऱ्या एका निबंधाची 15,025 लेखकांची यादी विक्रम म्हणून गाजली खरी; पण ती लांबली कामाच्या स्वरूपामुळे.

आता नावांविषयी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती 1978 साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या बैठकीतून आकाराला आली आणि लेखक कोणाला म्हणावे याबाबत बहुतेक शल्यचिकित्सा नियतकालिके आज तिच्याच चार अटी मानतात : अभ्यासाची आखणी, माहितीचे संकलन, विश्लेषण किंवा अर्थनिर्णय यांपैकी कशात तरी भरीव वाटा असणे; मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाच्या अंगाने महत्त्वाची सुधारणा करणे; अंतिम मसुद्याला मान्यता देणे; आणि संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारणे. केवळ माहिती भरून पाठवणारा या चारही अटी पुऱ्या करत नाही, म्हणून त्याची नोंद 'सहयोगी' अशी होते. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत सहयोगींची नावेही दिसू शकतात, त्यामुळे ही नोंद अगदीच कुचकामी नसते.

मात्र याच नियमावलीतील एक तरतूद सहसा कोणी आपणहून सांगत नाही. पहिली अट पुरी करणाऱ्याला पुढच्या अटी पुऱ्या करण्याची संधी मिळालीच पाहिजे आणि ती नाकारून त्याला लेखकांतून वगळू नये, असे समितीने स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या अटीत माहितीचे संकलनही येते. म्हणजे आपल्या रुग्णालयातील संकलनाची आखणी व देखरेख आपण करणार असाल, तर मसुदा पाहण्याची मागणी नियमाला धरूनच आहे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

हा आग्रह मी केवळ मानपानासाठी धरत नाही. 'जाळी (हर्नियाच्या जागी आधारासाठी बसवतात ती) वापरली का?' या रकान्यात आपण 'नाही' लिहिता. दूर बसून आकडेमोड करणाऱ्याला तो शल्यचिकित्सकाचा निर्णय वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवशी भांडारात जाळीच नव्हती. विश्लेषणाच्या वेळी आपण तेथे नसाल, तर हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. याउलट, 2016 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये युगांडा आणि स्वीडनमधील संशोधकांनी मिळून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. स्वस्त जाळी महागड्या जाळीइतकीच उपयोगी पडते का, हा तिचा प्रश्न होता आणि तो अशाच अडचणीतून आलेला होता. सहकार्य म्हणावे ते याला.

तेव्हा माहिती पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या : लेखन समितीत आपल्यापैकी कोण असेल, आपल्या रुग्णालयाची माहिती स्वतंत्र निबंधासाठी वापरता येईल का, आणि मसुदा आपल्याकडे केव्हा येईल. आपल्या एथिक्स कमिटीची मंजुरी तर आधीच हवी.

प्रश्न : ओपन ॲक्सेस (वाचकांना मोफत खुल्या असलेल्या) नियतकालिकाचे लेखकाकडून घेतले जाणारे शुल्क परवडत नसेल, तर काय करावे?

उत्तर : अनेक प्रकाशक कमी उत्पन्नाच्या देशांतील लेखकांना शुल्क माफ करतात किंवा सवलत देतात, पण या याद्या ठरवताना बऱ्याचदा दरडोई उत्पन्नाबरोबर अर्थव्यवस्थेचा एकूण आकारही पाहिला जातो, त्यामुळे मोठ्या पण गरीब देशांतील लेखक नेमके बाहेर राहतात. सवलतीची विचारणा निबंध पाठवण्यापूर्वीच करावी, कारण काही ठिकाणी स्वीकृतीनंतरचा अर्ज विचारात घेतला जात नाही. वर्गणीवर आणि ओपन ॲक्सेसवर अशा दोन्ही पद्धतींनी चालणाऱ्या नियतकालिकांत वर्गणीचा मार्ग निवडल्यास सहसा लेखकाला हे शुल्क पडत नाही, आणि स्वीकृत मसुदा काही काळानंतर संस्थेच्या संग्रहात ठेवण्याची मुभाही बरेचदा असते. आठवडाभरात छापून देण्याची हमी देणाऱ्या ईमेलला मात्र उत्तरही देऊ नये.