व्हाइटवॉटर कयाकिंगमध्ये रेस्क्यू टेदर सुरक्षितपणे कसा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही धुळ्याचे, कोलाडला कुंडलिकेच्या खळाळत्या (व्हाइटवॉटर) पाण्यात दोन हंगाम कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची अरुंद होडी, चालवली आहे, रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं) जमतो. आता सोबत्याची कयाक उलटली तर ती ओढून काठाला आणता यावी म्हणून टेदर, म्हणजे अंगावरच्या जॅकेटला लावायची आणि टोकाला कॅराबिनर (झडप असलेली धातूची कडी) असलेली ओढदोरी, घ्यायचाय. आणि शेवटी विचारलंय, "माझ्याकडे साधं लाइफ जॅकेट आहे, त्यालाच दोरी आणि कॅराबिनर लावून चालेल का?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. खांद्याच्या पट्ट्याला नाही, कमरेच्या पट्ट्याला नाही, जॅकेटवर शिवलेल्या कुठल्याही कडीला नाही. ते जॅकेट तुम्हाला तरंगवण्यासाठी शिवलेलं असतं. त्याला बांधलेली दोरी ताणलेली असताना सोडायची कुठलीच सोय त्यात नसते.

आमचं गाव गिरणेकाठी, भडगावकडे. आबा बैलाचं दावं कायम सुरगाठीनं बांधायचे. गोठ्याला आग लागली, रात्री नदी चढली, तर एका हिसक्यात जनावर मोकळं झालं पाहिजे. कुणी निरगाठ मारलेली दिसली की हातातलं काम टाकून आधी ती सोडायला लावायचे. टेदर म्हणजे दावंच आहे. फरक एवढाच की इथे खुंटा तुम्ही असता आणि दाव्याला ओढणारी अख्खी नदी असते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. अशा ओढीखाली भिजलेली गाठ बोटांनी सुटत नाही.

म्हणून बचावकामासाठी बनवलेल्या रेस्क्यू जॅकेटला वेगळा छातीपट्टा असतो. तो जॅकेटच्या घरांमधून फिरून पुढे बकलमध्ये येतो, आणि पाठीमागे त्याच पट्ट्यात एक कडी ओवलेली असते. टेदर त्या कडीला लावायचा. बकलला रंगीत गोळा किंवा मूठ असते. ती ओढली की बकल उघडतं, पट्टा घरांमधून सरकून निघून जातो आणि कडी टेदरसकट पाण्यात जाते. सगळी मदार पट्ट्याच्या त्या सरकण्यावर असते.

4 वर्षांपूर्वी माझा पट्टा सरकला नाही, ते सांगतो. कुंडलिकेवर सोबत्याची कयाक उलटली, तो पोहत काठाला गेला, मी त्याच्या रिकाम्या कयाकचं हँडल टेदरला अडकवून निघालो. पुढे मधोमध एक खडक होता. मी उजवीकडून गेलो, ती कयाक डावीकडून. टेदर खडकाला पिळून ताणला गेला, माझी कयाक आडवी झाली आणि मी डोक्यापर्यंत पाण्याखाली गेलो. गोळा ओढला. बकल उघडलं, पट्टा चार बोटं सरकला आणि थांबला. आदल्या रात्री मीच पट्ट्याच्या टोकाला गाठ मारली होती, कारण ते टोक सारखं फडफडत होतं. ती गाठ बकलमागच्या धातूच्या पट्टीत येऊन अडली. चाकू जॅकेटच्या आतल्या खिशात होता, तिथवर हात पोचेना. नंतर पाण्यानंच ती कयाक फिरवून माझ्या बाजूला आणली, टेदर सैल पडला आणि मी वर आलो. त्यात माझं कौशल्य काही नव्हतं. तुमच्या बाबतीत हे घडू नये म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

तेव्हा जॅकेट आणलं की आधी पट्ट्याचं टोक बघा. गाठ नको, टाका नको, वितळून झालेला कडक गोळा नको. टोक तिरकं कापलेलं आणि गुळगुळीत हवं. ते खिशात किंवा पट्ट्याखाली खोचू नका, मोकळंच राहू द्या. सुटण्याचा गोळा जॅकेटच्या वर, डोळ्यांना दिसेल असा हवा. चाकू बाहेरच्या बाजूला, दोन्ही हातांना सापडेल अशा जागी ठेवा.

बकलच्या मागे बहुतेक जॅकेटांना तीन दांड्यांची एक धातूची पट्टी असते, तिच्याबद्दल गोंधळ होतो. छातीपट्टा तिच्यातून ओवला की तो मोठा ताण पेलतो, नुसतं प्लॅस्टिकचं बकल घसरत नाही. पाठीला दोर लावून वाहत्या माणसाकडे उडी मारणारा बचावकर्ता असाच ओवतो, कारण काठावरची माणसं त्याला जोरात ओढणार असतात. पण त्या पट्टीमुळे घर्षण वाढतं. ताण थोडा असेल तर बकल उघडूनही पट्टा निघत नाही. रिकामी कयाक ओढताना मी पट्टी वगळून थेट बकलमध्ये ओवतो. तुमच्या जॅकेटच्या बनवणाऱ्यानं काय सांगितलंय ते वाचा आणि मग दोन्ही प्रकारे पाण्यात ओढून बघा. उडी मारण्याचा प्रकार मात्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय करू नका, कितीही मोह झाला तरी.

टेदरचं दुसरं टोक वापरात नसताना छातीवर अडकवून ठेवतात. ते भक्कम शिवलेल्या कडीला अडकवलं, तर पाठीपासून छातीपर्यंत एक फास तयार होतो. त्यात फांदी अडकली आणि तुम्ही गोळा ओढला, तरी पुढचं टोक तुम्हाला धरूनच राहतं. म्हणून पुढची जागा हिसका बसला की सुटणारीच हवी. टेदर आतून रबरी, आखडून राहणारा घ्या, लोंबता नको. कॅराबिनर ओल्या, गारठलेल्या हातानं एका झटक्यात हँडलला लागेल एवढा मोठा असावा.

आता सराव. आधी काठावर सोबत्याला टेदर ओढून धरायला सांगा आणि सोडा. उजव्या हातानं, डाव्या हातानं, डोळे मिटून, हातमोजे घालून. मग तरणतलावात, डोकं पाण्याखाली असताना. मग संथ वाहत्या पाण्यात. मी दर हंगामाच्या सुरुवातीला हे सगळं पुन्हा करतो, आणि नदीत उतरण्याआधी सोबत्याकडून पट्टा तपासून घेतो. आपल्याकडचं ऊन पट्ट्याला आणि फोमला खातं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात जॅकेट गाडीत ठेवू नका. नदीवरून आल्यावर बकलमधली वाळू गोड्या पाण्यानं धुवा आणि जॅकेट सावलीत वाळवा.

पाण्यात उतरल्यावर क्रम ठरलेला आहे: आधी माणूस, मग कयाक, मग वल्हं. शुद्धीवर असलेल्या माणसाला टेदर कधीच लावायचा नाही. त्याला तुमच्या कयाकचं मागचं हँडल धरायला सांगा आणि पाय मारायला लावा. माणूस काठाला लागला की मगच कयाककडे वळा, तीही आधी तुमच्या कयाकच्या नाकानं ढकलत न्या. निम्म्या वेळा ढकलूनच काम होतं. टेदर लावण्याआधी खाली नजर टाका: पुढचा रॅपिड (खळाळत्या पाण्याचा टप्पा) किती लांब आहे, मध्ये खडक आहेत का, झाडं आडवी पडलीत का, काठाला खडकाआडचं थबकलेलं पाणी कुठे आहे. तिथवर जायला जागा नसेल तर लावूच नका, कयाक वाहू द्या. लावलाच तर उलटी कयाक उलटीच ओढा, आत हवा कोंडलेली असते म्हणून ती हलकी राहते. सरळ करून पाण्यानं भरली की तिचं वजन माणसाच्या दोन-तीन पट सहज होतं. कयाकमध्ये हवेच्या पिशव्या असतील तर आत पाणी कमी मावतं, त्या सगळ्यांनी बसवाव्यात. काठाकडे तिरकं वल्हवा, आणि मनात "सोडू का?" असा प्रश्न आला की त्याच क्षणी सोडा. मी त्या दिवशी खडक बघितला होता. अजून दोन वल्ही मारू म्हणालो.

तुम्ही धुळ्याचे आहात म्हणून आपल्या नद्यांबद्दलही बोलायलाच हवं. पांझरेवर फडाचे (सामायिक सिंचनाचे) जुने बंधारे आहेत, गिरणेवर कोल्हापुरी बंधारे. पूर आला की त्यांच्यावरून पाणी एकसारखं, गुळगुळीत पडतं आणि दिसायला कोलाडच्या लाटेपेक्षा सोपं वाटतं. पण पायथ्याशी ते उलटं फिरतं, आणि त्यात गेलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचली जाते. नैसर्गिक रॅपिडला बाजूनं निसटायला वाट असते, बंधाऱ्याला ती या काठापासून त्या काठापर्यंत नसते. तिथे रिकामी कयाक अडकली असेल तर टेदर लावून जवळ जाणं म्हणजे स्वतःला त्या पाण्याशी बांधून घेणं. काठावरून दोराची पिशवी फेका, नाहीतर कयाकचं नाव सोडा. तापीचंही तसंच. हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडायला लागले की काठच्या गावांना इशारा देतात, तो आपल्यालाही लागू आहे. त्या गढूळ पाण्यात बाभळीची झाडं आणि केळीची खोडं वाहत येतात, आणि टेदर अडकायला एक फांदी पुरते.

सरावाला मला गिरणेचं आवर्तन बरं वाटतं. धरणातून शेतीसाठी सोडलेलं पाणी, पूर नाही, बंधाऱ्यांपासून लांबचा सरळ पट्टा निवडायचा, आणि पाणी किती वाढणार हे पाटबंधारेवाल्यांना आधी विचारून घ्यायचं. जॅकेट घेतलंत की इथेच कळवा. पुढचं आवर्तन सुटेल तेव्हा भडगावला या, काठावरून दोर मी धरतो आणि सोडायचं काम तुम्ही करा, दोन्ही हातांनी, निदान 20 वेळा.