कोडिंग येत नाही, तरी बिझनेस ॲनालिस्ट होता येईल?

*माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला बिझनेस ॲनालिस्ट व्हायचंय, पण कोडिंग येत नाही. हे काम नेमकं काय असतं? एक क्लास नोकरीची हमी देतोय, फी भरावी का? आमची सियागंजात किराण्याची पेढी आहे. – एक आई, राजेंद्रनगर, इंदूर*

ताई, नमस्कार.

फी आत्ता भरू नका. नोकरी कंपनी देते, क्लास नाही.

उदाहरण तुमच्या पेढीचंच घेऊ. समजा, तुमचे यजमान म्हणाले, "उधारीचं ॲप करून द्या." प्रोग्रामर तेवढ्यावरच कामाला लागला, तर मुनीमजी ते ॲप उघडणारही नाहीत. म्हणून मध्ये बिझनेस ॲनालिस्ट लागतो. उधारी किती दिवसांची? अर्धीच रक्कम आली तर कुठल्या बिलात जमा करायची? माल परत आला तर? मर्यादा ओलांडलेल्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा का, हे कोण ठरवतं? मालक एक सांगतात, मुनीमजी दुसरंच. दोघांना समोरासमोर बसवून एका नियमावर आणणं, ही या कामातली खरी मेहनत. मग ते असं लिहायचं की अंदाजाला जागा उरू नये. "चांगला रिपोर्ट हवा" हे चालत नाही. "दर सोमवारी, ३० दिवसांवरची थकबाकी, गिऱ्हाइकवार" हे चालतं, कारण ते तपासता येतं. पुढे पेढीतल्याच माणसांकडून चाचणी करून घेणं आणि मध्येच मागणी बदलली तर वेळ-खर्च किती वाढेल ते स्पष्ट सांगणं, हेही त्याच्याकडेच.

कोडिंग लागत नाही. एक्सेल पक्कं हवं, कामापुरतं एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते काढण्याची सोपी भाषा, हवं आणि इंग्रजीत नेमकं लिहिता यायला हवं. जीएसटी, खातेवही कळणारी बी.कॉम.ची मुलगी इथे मुळीच मागे नाही. जाहिराती वाचताना मात्र पदाच्या नावावर जाऊ नका. डेटा ॲनालिस्टचं काम, म्हणजे आकडे तपासून निष्कर्ष काढणं, वेगळं असतं.

प्रमाणपत्रांत आयआयबीए या बिझनेस ॲनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ईसीबीए नवख्यांसाठी आहे. त्याच संस्थेच्या, अनुभवी लोकांसाठीच्या सीबीएपीला ७,५०० तासांचा अनुभव लागतो, तेव्हा कुणी विद्यार्थिनीला ते देऊ करत असेल तर तिथून उठून या. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिस आहेतच, पण नवख्यांना पहिल्याच दिवशी हे पद क्वचित मिळतं. टेस्टिंग, सपोर्ट, एमआयएस (कंपनीचे नियमित रिपोर्ट तयार करणं) यांतूनही वाट निघते.

या महिन्यात तिला मुनीमजींजवळ बसवा. उधारीचा सगळा व्यवहार तिने दोन पानांत लिहावा आणि त्यांनाच वाचून दाखवावा. ते "असं नाही, बेटा" म्हणतील तिथे दुरुस्त करावं. ती पानं मला पाठवा, मी नक्की वाचेन.