लाट, लहर, तरंग की कल्लोळ?

पैठणच्या एका कलाविद्यार्थिनीने विचारलंय: प्रदर्शनात जपानी चित्रकार होकुसाईच्या लाटेच्या त्या प्रसिद्ध छापचित्राच्या प्रतिकृतीखाली ‘महालाट’ लिहू, की लहर, तरंग यांतलं काही? आणि शेजारी अमेरिकन चित्रकार व्हिसलरचं व्हेनिसच्या पाण्याचं छापचित्र आहे, त्याला काय म्हणू?

होकुसाईसाठी लाटच. फक्त ‘महा’ काढा. १८३१च्या सुमारास छापलेल्या या चित्राच्या जपानी नावात मोठेपणा कुठेच नाही; कानागावाचा समुद्र आणि लाटेची आतली बाजू, एवढंच आहे. आपल्याकडे ‘लाटेच्या पोटात’ म्हणता येतं, तेच लिहा.

चित्र लाकडी ठशांचं आहे. ठशावरचं कोरून काढलं ते छापत नाही, उरलं ते उमटतं. लाटेच्या माथ्यावरचा फेस जवळून पाहा. तिथे पांढरा रंग लावलेलाच नाही, तो कोरा कागद आहे! कोरणाऱ्याने फेसाच्या एकेका नखीभोवती केसासारखी रेघ उभी ठेवली आणि आतलं लाकूड काढून टाकलं. खाली तीन होड्या, त्यांना बिलगून वाकलेले वल्हेकरी, आणि त्या पोकळीत एवढासा फुजी पर्वत. हे वजन ‘लहर’ला पेलणार नाही. लहर येते, लहर फिरते, माणूस लहरी असतो. मराठीत ती मनाकडेच जास्त झुकली आहे. तरंग तर खडा टाकला तरी उठतात.

कल्लोळ हा माझा फार आवडता शब्द. जुन्या मराठीत तो मोठ्या लाटेचाच, आणि तुळजापूरच्या कल्लोळ तीर्थामुळे आपल्याकडे पाण्याशी त्याचं नातं टिकून आहे. पण आजच्या वाचकाला त्यात आधी गलबला ऐकू येतो, म्हणून इथे नको.

व्हिसलरने १८७९-८०मध्ये व्हेनिसला केलेल्या ‘नॉक्टर्न’मध्ये, म्हणजे रात्रीच्या दृश्यात, रेघा मोजक्याच आहेत. तांब्याच्या पत्र्यावरची शाई त्याने पुरती पुसली नाही, पातळ थर राहू दिला. तो थर म्हणजेच रात्र आणि पाणी. पुसणारा हात दर वेळी वेगळा फिरतो, म्हणून एका प्रतीत अंधार दाट, दुसरीत विरळ. तुमच्या पैठणच्या नाथसागर जलाशयावर वारा पडला की जे पाणी दिसतं त्याला आपण संथ म्हणतो. इथेही ‘संथ पाणी’ लिहा, तरंगसुद्धा नको.

माध्यमाच्या ओळीत व्हिसलरखाली ‘एचिंग’ (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून घेतलेला छाप) चालेल. होकुसाईखाली मात्र ‘लाकडी ठसे’ असं अनेकवचनीच हवं, कारण रेघांचा ठसा वेगळा आणि रंगांचे वेगळे.