उसात गवा शिरला तर?

प्रश्न : राधानगरीजवळ आमचा ऊस आहे. उन्हाळ्यात रात्री गवे शिरतात. फटाके लावावेत, की तारेत करंट सोडावा?

उत्तर : मेन लाइनचा करंट तारेत अजिबात सोडू नका. तो गुन्हा तर आहेच, पण पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारीही त्यात सापडतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जीव घेत नाही. मात्र तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि कुंपण नावापुरतं उरतं. म्हणून तारेखालचं तण सतत काढा. बहुतेक कुंपणं इथंच फसतात.

सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरचं, गवत आणि पाणी आटलं की गवे खाली येतात. कळप सहसा आपणहून परततो. एकटा नर जास्त धोक्याचा. मोठा नर हजार किलोच्या आसपास भरतो. फटाक्यांनी बुजलेला गवा वाट फुटेल तिकडे, कधी थेट वस्तीत, धावतो. २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागानंतर दगावला. तेव्हा जंगलाकडची बाजू मोकळी ठेवा, कुत्री बांधा, १९२६ वर वन विभागाला कळवा.

भरपाईसाठी तक्रार लगेच द्या. पंचनाम्याआधी मोडलेला ऊस हलवू नका, खुरांचे फोटो काढा.