पोच घेतल्याशिवाय परत फिरू नकोस

प्रिय लेकरा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू स्वतःबद्दल एवढंच विचारलंस, ‘अ‍ॅट्रॉसिटी लागते का?’ पण पत्रात तुझी दुखणी तीन आहेत. सुपरवायझर जातीवरून बोलला. लाइन लीडरची जागा दोनदा तुला डावलून दुसऱ्याला दिली. आणि तू तक्रारीची भाषा करताच तुला लाइनवरून काढून रात्रपाळीत स्टोअरला टाकलं. तिन्हींचं औषध वेगळं आहे. सगळं एका अर्जात कालवलं की कच्च्या मुद्द्यापायी पक्काही बुडतो.

आधी शिवीगाळीचं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमान-दमदाटीसाठी कलम ३(१)(आर) आहे आणि जातिवाचक शिवीसाठी ३(१)(एस). शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. ही दोन्ही कलमं एका अटीवर उभी राहतात किंवा पडतात: प्रकार लोकांच्या नजरेसमोर घडलेला हवा. तामिळनाडूतल्या एका महसूल निरीक्षकाला त्याच्याच कार्यालयात शिवी दिली गेली, पण सहकारी खोलीत आले ते नंतर. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२५ ला तो खटला रद्द केला. म्हणून केबिनमध्ये बंद दाराआड काय झालं आणि शॉप फ्लोअरवर सगळ्यांदेखत काय झालं, हे वेगवेगळं लिही. तुझ्या सांगण्यावरून शिफ्ट बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं तिथे होती. तोच प्रसंग पुढे ठेव.

फिर्याद लिहिताना ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ असं मोघम लिहू नकोस. तो जे बोलला ते शब्द जसेच्या तसे, कितीही घाण असले तरी, लिही. तारीख, वेळ, कुठल्या मशीनजवळ, कोण कोण ऐकत होतं तेही. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही आणि तुझी जात त्याला ठाऊक होती, ही दोन वाक्यं लोक हमखास विसरतात. तो तुला ओळखत होता एवढं दाखवलं की कलम ८ नुसार जात माहीत होती असं न्यायालय धरून चालतं. नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. जातप्रमाणपत्राची प्रत सोबत ठेव. घरचे कागद ‘बौद्ध’ असतील तरी घाबरू नकोस, १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे.

ठाण्यात ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ म्हणाले तर कलम १८अ दाखव. २०१८ पासून या गुन्ह्यात एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तरीही ऐकलं नाही तर सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी कळव (तुझी कंपनी वाळूजची, ते शहर पोलीस आयुक्तालयात येतं, म्हणजे पोलीस उपायुक्तांना), आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायालयात अर्ज. तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. फौजदाराने केलेला तपास पुढे आरोपीच्या वकिलाच्या हातात आयता सापडतो. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांनाही एफआयआरची प्रत दे, पीडिताला मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याची फाइल तिथून हलते.

या केसेस कायद्यामुळे कमी आणि साक्षीदारांमुळे जास्त पडतात. तुझे साक्षीदार त्याच गेटमधून रोज आत जातात, त्यांच्याही घरी हप्ते आहेत. त्यामुळे एकट्यावर भिस्त ठेवू नकोस. दोन-तीन नावं दे आणि त्यातला एक तरी दुसऱ्या कंत्राटदाराचा असू दे. उशीर हा दुसरा खड्डा. महिनाभराने दिलेल्या फिर्यादीवर पहिला प्रश्न ‘इतके दिवस काय करत होतात?’ हाच येतो. आणि चोरीची किंवा मारहाणीची उलटी केस येईल असं धरूनच चाल. हजेरीच्या नोंदी तेव्हा कामाला येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं असेल तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. मूळ फोन जपून ठेव, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच्यावरून द्यावं लागतं.

आता डावलण्याचं. इथे अ‍ॅट्रॉसिटी ओढून आणू नकोस. नोकरी-धंद्यात अडथळा आणण्याचं कलम ३(१)(झेडए) त्यात आहे, अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या नागरी हक्क कायद्यातही नोकरीचा उल्लेख आहे, पण ‘तू पात्र नाहीस’ असं गोड बोलून जागा नाकारणाऱ्याला ती कलमं सहसा पकडत नाहीत. संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीला लागू, खासगी कंपनीला नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतल्या भेदभावाबाबत खासगी मालकालाही बांधलं. १९७१ च्या ड्यूक पॉवर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेतू काय होता हे बाजूला ठेवून अटीचा परिणाम पाहिला: शाळेच्या दाखल्याची अट कामाशी संबंधित नसताना काळ्या कामगारांनाच बाहेर ठेवत असेल, तर ती बेकायदा. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी असा सर्वसमावेशक कायदा नाही. मला विचारशील तर हीच आपली खरी उणीव आहे.

म्हणून दार दुसरं शोधायचं. महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा, परिशिष्ट ४, म्हणजे मालकाच्या अशा प्रथांची यादी. बाब ५: गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं. बाब ३: व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली. तुझी दुसरी आणि तिसरी तक्रार इथे बसते. मुदत ९० दिवस. शेवटच्या डावलणीपासून आजवर किती झाले, ते आजच मोज. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही यादी आहे, पण संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाल्यापासून कुठल्या कायद्याखाली आणि कुठे जायचं, हे अर्जाआधी कामगार न्यायालयात नियमित उभ्या राहणाऱ्या वकिलाला विचार. आणखी एक मेख: तू कंत्राटदाराच्या हजेरीवर असशील आणि कंपनी ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हणाली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या सिप्ला निकालानुसार ही तक्रार टिकत नाही, आधी नातं सिद्ध करावं लागतं. म्हणून गेटपास, पगारपत्रक, पीएफच्या पासबुकावरचं मालकाचं नाव, सगळं जमव.

डावलणं तोंडी असतं, ते कागदावर तूच आणायचं. एचआरला तीन ओळींचं पत्र: जागेचे निकष काय होते, माझे गुण किती, निवडलेल्याचे किती. राग नको, जातीचा उल्लेखही या पत्रात नको. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि आवक क्रमांक घे. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जप. उत्तर आलं तर निकष हातात येतात. नाही आलं तर गप्प बसल्याचा पुरावा तयार होतो.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची, या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. लेखी तक्रार तीन महिन्यांत, सहा प्रती.

ऊसतोडीतल्या आईच्या मजुरीचं मात्र अवघड आहे. तिथे कोयता म्हणजे जोडपं, उचल (आगाऊ रक्कम) दोघांची मिळून आणि ती बापाच्या नावावर. समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे, आता तो वेतन संहितेत गेला. पण जिची मजुरी वेगळी लिहिलेलीच नाही तिची तुलना कशाशी करणार? तिचा खाडा तेवढा वेगळा मोजतात. यंदा मुकादमाकडून उचलीच्या कागदावर दोघांची नावं लिहून घ्या आणि ग्रामसेवकाकडे तिच्या नावाचं ऊसतोड कामगाराचं स्वतंत्र ओळखपत्र मागा. कारखाना सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही, दसऱ्याआधीच.

तुझ्या दोन्ही अर्जांचे मसुदे तारखांसह पाठव. ठाण्यातला वेगळ्या कागदावर, एचआरचा वेगळ्या.