यूकेत डिपेंडंट व्हिसावर स्वतःची घरसफाईची कामं धरायची असतील तर

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी लागलीये, तुम्ही डिपेंडंट म्हणून जाणार, इंग्रजी कामापुरतं येतं, तर एजन्सीच्या नादी न लागता घरसफाईची कामं स्वतःच धरता येतील का. येतील. मी सहा वर्षं हेच करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी व्हिसाचं, कारण गफलत तिथेच होते. स्किल्ड वर्करच्या नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी पण करता येते आणि स्वतःचा धंदा पण, फक्त व्यावसायिक खेळाडू किंवा त्यांचा कोच होता येत नाही, तेवढं आपण चालवून घेऊ. पण हे तुमच्यापुरतं. तुमच्या ओळखीतलं कोणी स्टुडंट व्हिसावर असेल तर त्यांना सेल्फ एम्प्लॉइड काम करायला साफ मनाई आहे, ते आठवड्याचे 20 तास म्हणतात ते पगारी नोकरीचे. व्हिजिटर व्हिसावर एक तासही काम चालत नाही. आणि घरसफाईच्या कामावर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळतच नाही, त्यामुळे "क्लीनरचा व्हिसा काढून देतो" म्हणून कोणी लाखभर मागितले तर सरळ फोन ठेवा.

कागदपत्रं वाटतात तेवढी नाहीत. इथे आल्यावर नॅशनल इन्शुरन्स (पेन्शन वगैरेसाठी सरकारला द्यायची वर्गणी) नंबरसाठी ऑनलाइन अर्ज करायचा, फुकट असतो. मग एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याकडे, सोल ट्रेडर (एकट्याने धंदा करणारी) म्हणून नाव नोंदवायचं, की ते दहा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे तुमचा टॅक्सचा नंबर, पाठवतात. इथलं टॅक्सचं वर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल असतं, त्या वर्षात 1,000 पाउंडांच्या वर कमाई झाली तर वर्ष संपल्यावर 5 ऑक्टोबरच्या आत नोंदणी आणि 31 जानेवारीपर्यंत ऑनलाइन रिटर्न. रोख मिळालेले पैसे पण त्यात दाखवायचे, रोख म्हणजे बिनहिशेबी असं इथेही बऱ्याच जणांना वाटतं.

आता मला कोणीच न सांगितलेली गोष्ट. समजा खर्च वजा जाता वर्षाला 18,000 पाउंड राहिले. पहिल्या 12,570 वर टॅक्स नाही, उरलेल्या 5,430 वर 20 टक्के टॅक्स आणि 6 टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे साधारण 1,412. ठीक आहे ना? पण बिल 1,000 च्या वर गेलं की पुढच्या वर्षाचा अर्धा टॅक्स पण त्याच जानेवारीत आगाऊ मागतात, म्हणजे 1,412 अधिक 706, आणि परत जुलैमध्ये 706. पहिल्या जानेवारीत तो आकडा बघून मी लॅपटॉप बंद करून चहा टाकला आणि नवऱ्याला म्हटलं आपल्याला दंड झालाय बहुतेक. तेव्हापासून हातात आलेल्या दर पाच पाउंडातला एक दुसऱ्या खात्यात टाकते आणि ते खातं नाही असंच समजते.

रेटचं नीट ऐका. मी सुरुवातीला तासाला 13 पाउंड घ्यायचे, खूश होते, पौंडाचे रुपये करून बघायची सवय असते ना नवीन नवीन. मग एका मंगळवारी हिशोब मांडला: तीन घरं, दोन-दोन तासांची, गावाच्या तीन टोकांना. पैसे सहा तासांचे, घराबाहेर मी साडेआठ तास, शिवाय बसचं भाडं, शिवाय सुट्टीचा किंवा आजारपणाचा पगार नाही. तेव्हा, 2025-26 मध्ये, इथे 21 वर्षं किंवा त्यापुढच्या नोकरदाराला तासाला किमान 12.21 पाउंड द्यावेच लागायचे, म्हणजे स्वतःची मालकीण होऊन मी नोकरदाराहून कमी कमवत होते! आता 18 घेते, दोन तासांच्या खाली घर धरत नाही, आणि मुख्य म्हणजे चालत जाता येईल अशीच घरं धरते. एका रस्त्यावर चार घरं म्हणजे चार गावांतल्या आठ घरांपेक्षा बरी. ती मिळतात कशी, तर पहिलं घर मन लावून करायचं आणि शेजाऱ्यांना सांगा म्हणायचं, लाजायचं नाही. ओव्हनची सफाई आणि भाडेकरूने घर सोडतानाची सफाई यांचे पैसे वेगळे सांगायचे, ते तासाच्या कामात "जाता जाता करून दे" म्हणतात तेव्हा हसून नाही म्हणायला शिका.

काम आपल्यासारखं नाही. लादीवर पाणी ओतून खराटा मारायची सोय नाही, बाथरूममध्ये बऱ्याचदा खाली पाणी जायला जाळीच नसते. दक्षिण इंग्लंडात पाणी जड, नळांवर आणि शॉवरच्या काचेवर पांढरा क्षार धरतो, त्याला लाइमस्केल म्हणतात, निम्मी लढाई त्याच्याशीच. तो काढायचं औषध आम्लाचं असतं. मी ते एकदा संगमरवरी बेसिनच्या कट्ट्यावर दोन मिनिटं राहू दिलं, पुसलं तर क्षार गेला पण दगडाची चकाकी पण गेली, हाताएवढा मळकट पांढरा डाग. बाई चिडल्या नाहीत, नुसतं "ओह" म्हणाल्या, ते जास्त लागलं. पॉलिशवाल्याचे पैसे मी खिशातून दिले आणि त्याच आठवड्यात पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स काढला, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. कायद्याने सक्ती नाही पण घ्याच, आणि तुम्ही ज्या वस्तूवर काम करताय तिचंच नुकसान झालं तर भरपाई मिळते का, चावी हरवली तर मिळते का, हे विचारून घ्या, साध्या पॉलिसीत ते बरेचदा नसतं. आणि हे क्षाराचं औषध ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतेल.

व्हॅक्यूम त्यांचाच वापरायचा, पाठीवर ओढत नेऊ नका. फडकी मात्र स्वतःची, लाल टॉयलेटला, हिरवं किचनला, निळं बाकी घराला, गिऱ्हाईक हे बघतं बरं का. चावीच्या किचेनवर पत्ता लिहू नका, मी भाज्यांची नावं लिहिते, वांगं म्हणजे कोपऱ्यावरच्या आजी.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, निम्मी गिऱ्हाइकं ऑफिसला असतात, कामाचं बोलणं मेसेजवर होतं, ते उलट लेखी राहतं. नातेवाईक "परदेशात जाऊन धुणीभांडी का" म्हणतील, माझी मावशी अजून म्हणते.

आणि कॅन्सलेशनचं पहिल्याच दिवशी मेसेजवर ठरवा, 48 तास आधी सांगितलं नाही तर अर्धे पैसे. ऑगस्ट आणि ख्रिसमसला सगळे फिरायला जातात, तेव्हा माझी निम्मी घरं बंद असतात, त्यामुळे त्या दोन महिन्यांचं भाडं जुलैपर्यंत बाजूला पडलेलं असू द्या.